सल्ला घेणाऱ्याचा हक्क
(केडगाव येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



रेणुकामातेच्या या केडगावी आपण जमतो, तेव्हा विवाह, शिक्षण, नोकरी यांविषयी मोकळेपणाने बोलतो. मनाच्या आजाराविषयी मात्र केवळ कुजबुज होते. मुलगी समुपदेशकाकडे जाते हे कळल्यास स्थळे येणार नाहीत, या भयाने कित्येक कुटुंबे उपचारच टाळतात. आणि ती गेलीच, तर वडील मंडळी समुपदेशकास विचारतात, 'ती काय बोलली?'

हे विचारण्याचा अधिकार आपणांस आहे काय?

१९९५ साली दिल्लीत एका ४४ वर्षांच्या अविवाहित स्त्रीने केवळ तपासणीस संमती दिली होती. ती भुलीखाली असता तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, प्राणावर बेतलेले नसता सज्ञान स्त्रीच्या वतीने आईचीही संमती चालत नाही.

शरीराचा जो न्याय, तोच मनाचा असावयास हवा. समुपदेशनास आरंभ होण्यापूर्वी समुपदेशकाचे शिक्षण, त्याची पद्धत, शुल्क, नोंदी कोण पाहील आणि गुप्तता कोणत्या प्रसंगी मोडावी लागेल, हे सारे समजावून घेण्याचा व वाटेल तेव्हा थांबण्याचा हक्क सल्ला घेणाऱ्याचा आहे. सही ही या समजुतीची खूण होय. समजुतीवाचून केलेली सही व्यर्थ होय.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात अंमलात आला. रुग्णाची माहिती गुप्त राखणे हे त्याने उपचारकांचे कर्तव्य ठरविले. कोणाच्या जीवास धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे, असे मोजकेच अपवाद ठेविले. शिवाय, समाजातील रूढ नैतिक वा धार्मिक कल्पनांशी न जुळणे एवढ्यावरून कोणास मनोरुग्ण ठरविता येणार नाही, असेही त्यात स्पष्ट आहे. जातीबाहेर विवाह करू इच्छिणाऱ्या मुलास 'त्याचे डोके ठिकाणावर आणा' म्हणून समुपदेशकाकडे ओढून नेणाऱ्या पालकांनी हे कलम अवश्य ध्यानी घ्यावे.

अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकांची जबाबदारी मोठी आहे, हे आम्हांस मान्य आहे. परंतु त्यांचेही मन विश्वासावाचून उघडत नाही.

ज्ञातीचे बळ एकमेकांच्या सुखदुःखात धावून जाण्यात आहे, एकमेकांची गुपिते उकलण्यात नाही. ज्याने मदत मागितली, त्यास मदत मिळावी आणि त्याची गोष्ट त्याचीच राहावी, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.