चष्म्यावरचा कॅमेरा आणि उरलेली नजर

औषधोपचार झाले, शस्त्रक्रिया झाली, योग्य नंबरचा चष्माही लागला, तरी चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी राहिली आणि पुरती गेली मात्र नाही, तर तिला अल्पदृष्टी म्हणतात. निरोगी डोळ्याला 18 मीटरवरून दिसणारे अक्षर अशा व्यक्तीला 6 मीटरवरूनही लागत नाही. काचबिंदूत कडेचे दिसणे जाते, तर उतारवयातल्या दृष्टिपटलाच्या विकारात समोरचा चेहराच पुसट होतो. त्यामुळे एकच साधन सर्वांना चालत नाही.

अंगावर वापरण्याची काही साधने उरलेल्या नजरेला हात देतात. कॅनडात विकसित झालेल्या ‘ईसाइट’मध्ये कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य डोळ्यांसमोरच्या छोट्या पडद्यांवर मोठे होऊन उमटते. इतर साधने कानाशी बोलतात. इस्रायलचे ‘ऑर्कॅम’ चष्म्याच्या दांडीवर बसते आणि छापील मजकूर वाचून दाखवते. बंगळुरूत तयार झालेले ‘स्मार्ट व्हिजन ग्लासेस’ वाचनाबरोबर वाटेतल्या अडथळ्याचीही सूचना देतात. मराठी वाचू शकणाऱ्या यंत्राला स्वच्छ छापलेले पुस्तक सोपे जाते. हाताने लिहिलेली चिठ्ठी किंवा निघालेल्या एसटीची पाटी अवघड.

अडथळ्याची ही सूचना कुठे कामी येते? पुणे जिल्ह्यातले शिरूर आणि दौंड हे उसाचे तालुके. गळीत हंगामात रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीबाहेर उसाची टोके छाती-डोक्याच्या उंचीवर आलेली असतात. पांढरी काठी जमिनीलगतचे सांगते, ही टोके तिला कळत नाहीत. चष्म्यावरचा संवेदक इथे खरोखर उपयोगी पडू शकतो. उघडे गटार आणि खड्डा मात्र काठीच भरवशाने सांगते. म्हणून चष्मा आला की काठी टाकली, ही समजूत धोक्याची आहे.

खरेदीची घाईही तशीच नुकसानीची. पुष्कळांचे काम साध्या हातभिंगाने आणि चांगल्या उजेडाने भागते, आणि ते तपासणीतच कळते. डोळे तपासायला पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशनचे एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय पुण्यात हडपसरजवळ महंमदवाडीला आहे. दौंडकरांना हडपसरपर्यंत रेल्वे आहे, शिरूरकरांना पुण्यापर्यंत नगर रस्त्याची एसटी.

साधन मिळाल्यावर सराव हवा: मान किती वळवायची, कागद कुठे धरायचा, बाजाराच्या गलक्यात आवाज कसा ऐकायचा. तो घरच्यांसमोर, नेहमीच्या वाटेवर झाला तरच अंगवळणी पडतो. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतून पात्र दिव्यांगांना सहायक साधने मिळतात. घरात कुणाची नजर चष्म्यानेही सुधारत नसेल, तर आधी अल्पदृष्टी तपासणी करून घ्यावी, दिव्यांग प्रमाणपत्र काढावे आणि मगच यंत्राचा विचार करावा.