इंग्रजीच्या तासाला गावचे साहित्य



महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी पूर्वी पाचवीत सुरू होई. सन २००० पासून ते पहिलीपासूनच शिकविले जाऊ लागले. तरीही पाठाखालच्या प्रश्नांची उत्तरे बिनचूक लिहिणारा नागपूरचा विद्यार्थी सीताबर्डीवर कोणी इंग्रजीत रस्ता विचारला की गोंधळतो, असे पुष्कळदा आढळते. हा दोष पाठ्यपुस्तकाचा नव्हे. १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ची पुस्तके साऱ्या राज्यासाठी असतात. त्यांत प्रत्येक गावचे रस्ते आणि ऋतुमान कोठून यावे? ते वर्गात आणणे हे शिक्षकाचे काम होय.

त्यासाठी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांच्या पुढाकाराने १९११ साली नागपुरात सुरू झालेले 'द हितवाद' हे इंग्रजी पत्र शहरात सहज मिळते. त्यातील तापमानाचे कोष्टक घ्यावे. मराठीत तुलना करताना विशेषण बदलत नाही, 'पेक्षा' जोडले की भागते. म्हणूनच विद्यार्थी 'हॉट दॅन' म्हणून मोकळा होतो, किंवा फार सावधपणे 'मोअर हॉटर' म्हणतो. नियम फळ्यावर दहादा लिहूनही ही चूक जात नाही. मात्र अर्ध्या वर्गाला नागपूरचे आकडे द्यावेत, अर्ध्याला अकोल्याचे, आणि दोहोंपैकी कोणते शहर अधिक तापले हे परस्परांस विचारूनच ठरवावयास सांगावे. कागद दाखवावयाचा नाही, ही एकच अट. आता 'हॉटर दॅन' म्हटल्यावाचून काम अडते, आणि मागच्या बाकावरचा मुलगाही तोंड उघडतो. बोलणे चालू असता शिक्षकाने मध्येच चूक काढू नये. ती टिपून ठेवून शेवटी फळ्यावर घ्यावी.

रेल्वेच्या वेळापत्रकाचा उपयोगही असाच करता येईल. 'लीव्हज'मधील विसरला जाणारा 'एस' तेथे पक्का होतो.

साहित्याचा सोस मात्र नको. चित्रे, तक्ते, कात्रणे यांची गर्दी झाली की तास रंगतो आणि भाषा राहून जाते. एका तासाला एक कात्रण, आणि त्यावर एकच भाषिक मुद्दा, एवढे पुरे. कात्रण पुठ्ठ्यावर चिकटवून पाठागणिक पाकिटात ठेवल्यास ते पुढील वर्षीही उपयोगी पडते. उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मे महिन्याची कोष्टके तोवर कापून ठेवता येतील.