घरपट्टी: भाड्यावर की किमतीवर?

मुंबईत २०१० पर्यंत घरपट्टी आकारली जायची ती घराच्या किमतीवर नव्हे, भाड्यावर. घराला वर्षाला किती भाडं येऊ शकेल ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे आणि उरलेल्या रकमेवर कर. गोम अशी, की जुन्या इमारतींची भाडी भाडेनियंत्रण कायद्याने गोठलेली. त्यामुळे दक्षिण मुंबईतल्या ऐसपैस जुन्या फ्लॅटला नाममात्र पट्टी आणि उपनगरातल्या नव्या, छोट्या घराला त्याहून जास्त, असंही घडे.

१ एप्रिल २०१० पासून महापालिकेने भांडवली मूल्य पद्धत आणली. रेडी रेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, वापर यांचा गुणाकार करून मूल्य निघतं. तत्त्व म्हणून हे जास्त न्याय्य, यात मला शंका नाही. अडचण एवढीच, की परिसराचा भाव वाढला म्हणून निवृत्त माणसाचं पेन्शन वाढत नाही. घर विकेपर्यंत ती श्रीमंती कागदावरच! पट्टी मात्र रोख भरायची.

जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने यावर तोडगा काढला: ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. लाखो कुटुंबांना दिलासा मिळाला. पण इथे मोजपट्टी क्षेत्रफळाची आहे, किमतीची नाही. म्हणजे मलबार हिलवरचं ४९० फुटांचं घर माफीत बसतं आणि मानखुर्दचं ५१० फुटांचं घर पट्टी भरतं.