एएस म्हणजे आजार नव्हे

वर्धा आणि वैनगंगेच्या मधल्या या गोंडपिपरी तालुक्यात सिकलसेल म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. हातापायाची बोटे सुजून रडणारे लेकरू, थंडी वाढली की अंगभर उठणारी कळ, वारंवार चढवावे लागणारे रक्त अनेक घरांनी पाहिले आहे.

वैद्यकाच्या दप्तरी या आजाराची पहिली सविस्तर नोंद १९१० सालची. शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातल्या विळ्यासारख्या पेशींचे वर्णन केले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी मूळ शोधले: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने प्राणवायू कमी होताच पेशी वाकते, अडकते, फुटते. १२० दिवस जगणारी तांबडी पेशी मग जेमतेम १० ते २० दिवस टिकते.

भारतात १९५२ साली निलगिरीतल्या आदिवासींमध्ये सिकलचे जनुक आढळले. १९५८ साली शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची माहिती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. सिकलसेल हा फक्त आदिवासींचा आजार, ही समजूत विदर्भात कधीच खरी नव्हती. अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो आहे.

तो इथे टिकला कसा? दोन जनुकांपैकी एकच सिकलचे असलेली, म्हणजे एएस, मुले मेंदूज्वरापर्यंत जाणाऱ्या फाल्सिपेरम मलेरियातून अधिक संख्येने वाचतात, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवले. हिवतापाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यानपिढ्या राहिले, त्याचे कारण हेच.

भारतीय रुग्णांच्या रक्तात गर्भातले हिमोग्लोबिन जास्त उरते, म्हणून इथला आजार सौम्य, असे पुस्तकांत लिहिले जाई. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांच्यासमोर येणारी मुले मात्र चांगलीच आजारी होती. अशा मुलांवर त्यांच्या गटाने हायड्रॉक्सियुरिया हे औषध कमी मात्रेत, वजनाच्या किलोमागे रोज १० मिलिग्रॅम, देऊन पाहिले. कळा आणि रक्त चढवण्याची वेळ, दोन्ही घटल्या. मुंबईच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत डॉ. रोशन कोलाह आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांची तपासणी व गर्भनिदान यांवर दीर्घ काळ काम केले. त्याच संस्थेचे हिमोग्लोबिन विकारांचे संशोधन केंद्र आता चंद्रपुरात आहे.

या साऱ्या विज्ञानाची गाठ गावात पडते ती एका छोट्या नळीशी. बोटाच्या रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात आणि नळीमागे रेघा काढलेला कागद धरतात. रेघा स्वच्छ दिसल्या तर निगेटिव्ह; द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह.

पण ही सोल्युबिलिटी चाचणी एएस आणि एसएस, म्हणजे दोन्ही जनुके सिकलची असलेला खरा आजार, यांतला फरक सांगत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीतच कळतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी तर नळीवर भरवसा ठेवताच येत नाही. अर्धवट समजलेल्या रिपोर्टमुळे धडधाकट एएस मुलीला ‘आजारी’ ठरवून स्थळ मोडणे, किंवा एसएस बाळाचा दोष एकट्या आईवर टाकणे, हा सरळ अन्याय आहे. एसएस बाळाला सिकलचे एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून आलेले असते. दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के, आणि पूर्ण निरोगी जनुकांचे असण्याची २५ टक्के.

१ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. तेव्हा श्रोत्यांनी एवढे करावे: नळी पॉझिटिव्ह आली तर दुसरी तपासणी करूनच घ्यावी, मुलामुलींचा रिपोर्ट लग्न ठरण्याआधी हाती असावा, दोघेही एएस निघाले तर गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत डॉक्टरांना गाठावे, आणि घरात एसएस मूल असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून बंद करू नयेत.