जाणत्या खेळाडूसाठी आपण काय ठेवतो?



शेवटचा बॉस हरवून झाला, श्रेयनामावली वर सरकली, आणि तरीही खेळाडू पुन्हा ‘न्यू गेम’ दाबतो. का? ॲक्शन रोल-प्लेइंग गेम करणाऱ्या आपणा सर्वांपुढे आज मला एवढाच प्रश्न मांडायचा आहे.

‘दर वेळी काहीतरी नवं दिसतं म्हणून’ हे आपलं ठरलेलं उत्तर. ‘डायब्लो’ दर खेपेला तळघरं नव्याने रचायचा, हे खरं. पण 2000 सालच्या ‘डायब्लो 2’कडे लोक वर्षानुवर्षं परतले त्याचं मोठं कारण मला त्यातल्या स्किल पॉइंटमध्ये दिसतं. खर्च केलेला पॉइंट परत मिळत नसे. सांगाड्यांची फौज उभारणारा नेक्रोमॅन्सर निवडला, की विषावर जगणारा नेक्रोमॅन्सर बघायला पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. अधिकृत पॅचने ही सक्ती सैल केली ती 2010 साली. आज आपण पहिल्या तासापासून सगळे पॉइंट फुकट परत देतो. खेळाडूची सोय होते, पण पुन्हा येण्याचं एक सबळ कारण आपण त्याच्याकडून काढून घेतो.

परतण्याचं दुसरं कारण कथेतली निवड. ‘द विचर 2’ने रोश की योर्वेथ, कोणाची साथ द्यायची या एका निवडीवर जवळजवळ सबंध दुसरा अध्याय बदलला. मोठं धाडस होतं ते. मात्र दोन्ही बाजू खेळून झाल्या की ते कुतूहल शमतं.

‘डार्क सोल्स’चं तसं होत नाही. 2011 सालच्या या गेममध्ये शत्रू दर वेळी त्याच कोपऱ्यात उभे असतात, काहीही हलत नाही. फायरलिंक श्राइनजवळच्या स्मशानात नवखा खेळाडू चुकून शिरतो आणि सांगाड्यांच्या हातून मरतो. दुसऱ्या खेपेला तोच खेळाडू तिथे मुद्दाम धावत जातो, कारण थडग्यांमध्ये झ्वाइहँडर ही अजस्र तलवार पडली आहे हे त्याला ठाऊक असतं. आरंभीची भेट म्हणून तो मास्टर की घेतो, न्यू लोंडोतलं एक दार उघडतो आणि मागच्या वाटेने ब्लाइटटाउनमध्ये उतरतो. ते दार पहिल्या खेपेलाही तिथेच होतं. पात्र आरंभीच्या लेव्हलवर परत आलेलं असतं, पण खेळाडूची बोटं आणि त्याची समज परत गेलेली नसते. म्हणून तर काही जण लेव्हल अजिबात न वाढवता हा गेम पुरा करतात. आपल्या प्रकारातल्या ‘ॲक्शन’चं खरं मोल मला इथे दिसतं.

योको तारो यांच्या 2010 सालच्या ‘नीअर’मध्ये हे जाणतेपण मनाला लागतं. पहिल्या खेपेला आपण ‘शेड’ नावाचे काळे राक्षस बिनदिक्कत कापतो. दुसऱ्या खेपेला त्यांचं बोलणं कळू लागतं. यंत्रमानवाच्या सोबतीने राहणारी एक छोटी शेड बाहेरचं जग पाहायची स्वप्नं बघत होती, हे तेव्हा समजतं. आणि लढाई तर तीच लढायची असते. माझ्या मते आपल्या माध्यमाने गाठलेल्या फार थोड्या उंच जागांपैकी ही एक.

चाचणीसाठी आपण नेहमी नवखे खेळाडू बोलावतो. यापुढे गेम एकदा संपवलेला एक तरी माणूस त्यांच्या शेजारी बसवा. पहिल्या दहा मिनिटांत तो कुठल्या दिशेने पळतो ते बघा. तो नवख्याच्याच वाटेने चालला, तर त्या नकाशावर पुन्हा काम करा.