रांगेतील रिकामे घर

गुरुग्रामच्या विकास सदन परिसरात हवेची मोजणी करणारे एक केंद्र आहे. हवेतील सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण तेथे नोंदले जाते आणि हिवाळा आला की असल्या आकड्यांकडे शहराचे डोळे लागतात. मुलांना मैदानावर सोडावे की नाही, दमेकऱ्याने पहाटे फिरावयास जावे की नाही, हे पुष्कळ घरांत त्यांवरूनच ठरते. असे आकडे मोबाइलवर आलेखरूपाने दाखवावयाचे, तर ते सामान्यतः जावास्क्रिप्ट भाषेच्या ‘ॲरे’त, म्हणजे क्रमांक दिलेल्या घरांच्या रांगेत, ठेवतात. रांग दिसावयास साधी; तिच्या पोटात मात्र बराच उद्योग चालतो.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप कंपनीत ही भाषा अवघ्या काही दिवसांत रचली. भाषा मोठी उदार. एका घरात संख्या, शेजारी शब्द, तिसरे घर रिकामे, असे काहीही तिच्या रांगेत चालते. या औदार्याचा खर्च सोसते ते आज्ञा प्रत्यक्ष चालविणारे इंजिन. क्रोममध्ये २००८ पासून असलेले ‘व्ही८’ हे असेच एक इंजिन. रांगेत काय ठेवले जात आहे यावर ते नजर ठेवते आणि त्याबरहुकूम मांडणी बदलते. अशा मांडण्यांचे २०१७ साली त्यात एकवीस प्रकार होते.

पहिले आकडे १८७, १९२, २०४ असे आले असे समजावे. सारे लहान पूर्णांक. इंजिन ते एकमेकांस चिकटून ठेवते. पुढे २११.५ आला, की संपूर्ण रांग दशांश संख्यांच्या मांडणीत उतरते. एवढ्याने फारसे बिघडत नाही. पण एका तासाला यंत्र बंद पडले आणि लिहिणाऱ्याने तेथे ‘नोंद नाही’ हे शब्द घातले, तर प्रत्येक दशांश संख्येला स्मृतीत स्वतंत्र जागा द्यावी लागते. रांगेत उरतो तो केवळ तिचा पत्ता. मग सरासरी काढताना पत्ता शोधत घरोघर हिंडणे आले.

घर रिकामेच सोडले तर? तेथे काही नाही एवढ्यावर इंजिनाला थांबता येत नाही. भाषेच्या नियमाप्रमाणे ती वस्तू रांगेच्या पूर्वजांपाशी तर नाही ना, याचीही खात्री असावी लागते. शिवाय हा उतार एकमार्गी आहे. घर मागाहून भरले, तरी ती रांग ‘भोके असलेली’ म्हणूनच वागविली जाते.

याहून विलक्षण प्रकार म्हणजे १ नोव्हेंबर २०२४ च्या दुपारी दोनची नोंद २०२४११०११४ या क्रमांकाच्या घरात ठेवणे. भाषेला ते मान्य आहे; रांगेची लांबी त्या क्षणी दोन अब्जांवर जाते! तेवढी घरे बांधण्याइतके इंजिन भोळे नाही. ते रांग मोडून शब्दकोशासारखी यादी करते. स्मृती वाचते, वेग जातो.

चोवीस आकड्यांच्या रांगेत हा फरक कोणाच्या ध्यानात येणार नाही, आणि त्यासाठी जागरण करणे हा निव्वळ हौशीचा भाग होय. परंतु एका केंद्राच्या वर्षभरातील तासांच्या नोंदी होतात ८,७६०. अनेक केंद्रे आणि अनेक वर्षे एकत्र आली, की स्वस्त मोबाइलवर आलेख अडखळू लागण्याचा संभव असतो. आणि रस्त्यावरची धूळ सर्वांत अधिक खाणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाती महागडा मोबाइल क्वचितच असतो.

यावर उपाय साधा आहे. न मिळालेल्या नोंदीच्या जागी उणे एक घालणे धोक्याचे, कारण ती सरासरीत मिसळून हवा आहे त्याहून शुद्ध दाखवील. ‘नॅन’ नावाची एक खूण भाषेतच आहे. तिचा अर्थ ‘संख्या नव्हे’, पण इंजिनाच्या लेखी ती दशांश संख्यांच्याच जातीची. त्यामुळे मांडणी मोडत नाही. बेरजेत तिला वगळावे मात्र लागते, नाहीतर सारी बेरीजच ‘नॅन’ होते. आलेख काढणारी आज्ञावली सहसा तिच्यापाशी रेषा तोडते, आणि त्या तासाला मोजणी झाली नाही हे पाहणाऱ्यास कळते.