पेटी ज्याच्या हाती, हिशेब त्याच्या माथी

 

नांदेड-लातूरकडच्या बचतगटांचं काम बघणाऱ्या आम्ही बाया. एरवी आम्ही इथं हप्ते, व्याज, शेळ्या, शेवया-पापडांचा बाजार असंच बोलतो. आज परभणीबद्दल बोलायचं आहे. नांदेडहून रेल्वेनं साधारण तासाभराचं गाव. तिथं जे झालं त्यावरून आपल्या गटांच्या बैठकांत अजून दोन तट पडतात. एक बाई म्हणते, "दगडं मारली, दुकानं फोडली, मग पोलीस काय हार घालणार?" दुसरी म्हणते, "पोरगं मेलं, अन् तुम्हाला काचांची पडली?" मग तिसरी सतरंजी झटकते आणि बैठक मोडते. बैठक मोडायची नसेल तर हे नीट उलगडून बघायला हवं.

आधी काय झालं ते सांगतो. 10 डिसेंबर 2024 ला परभणी रेल्वे स्थानकाबाहेर, बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची एका माणसानं नासधूस केली. लोकांनी त्याला धरलं, पोलिसांनी ताब्यात घेतलं. दुसऱ्या दिवशी बंद पुकारला गेला. बंदला हिंसक वळण लागलं. दगडफेक झाली, जाळपोळ झाली, दुकानांची मोडतोड झाली. पोलिसांनी लाठीमार केला, अश्रुधूर सोडला आणि नंतर धरपकड सुरू केली. पोलिसांनी घरात शिरून मारल्याच्या तक्रारी वस्तीतल्या बायांनी केल्या. धरलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता, कायद्याचं शिक्षण घेणारा 35 वर्षांचा तरुण. आधी तो पोलीस कोठडीत होता, मग न्यायालयीन कोठडीत. 15 डिसेंबरला तो मरण पावला.

पुढं दोन गोष्टी समोर आल्या. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचं कारण लिहिलेलं होतं. विधानसभेत मात्र मुख्यमंत्र्यांनी सांगितलं की मारहाण झालेली नाही, त्याला श्वसनाचा आजार होता, आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हा त्यानं तक्रार नाही असंच सांगितलं होतं. सरकारनं देऊ केलेले 10 लाख रुपये सोमनाथच्या आईनं, विजयाबाईंनी, नाकारले आणि त्या न्यायालयात गेल्या. 4 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठानं पोलिसांवर गुन्हा नोंदवायचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण 30 जुलैला तिथंही आदेश कायम राहिला. गुन्हा नोंदला म्हणजे कोणाला शिक्षा झाली असं नाही. पण ज्या आईला लाखांची मदत देऊन घरी बसवता आलं असतं, तिनं आधी हिशेब मागितला.

हिशेब हा शब्द आपल्याला नवा नाही. आपल्या गटाची पेटी एकीच्या घरी असते, किल्ली दुसरीकडं असते. पेटीतले पैसे कमी भरले, तर पेटी जिच्या घरी होती तिला आपण विचारतो. ती म्हणाली, "पण ती सुमन हप्ते थकवते," तर आपण ऐकून घेतो का? सुमनचे हप्ते वेगळ्या पानावर, पेटीतली तूट वेगळ्या पानावर.

कोठडीचंही तसंच आहे. माणूस बाहेर असतो तेव्हा त्याच्या जिवाला हजार कारणं असतात. आत घेतला, दाराला कुलूप लावलं, की तो सरकारच्या पेटीत ठेवलेली ठेव होतो. त्यानं दगड मारला असो वा नसो, त्याचं जेवण, त्याचं औषध, त्याचा श्वास ही ठेवणाऱ्याची जबाबदारी. तो आधीच आजारी होता असं म्हणायचं असेल, तर त्याला दवाखान्यात कधी नेलं हा प्रश्न अजून मोठा होतो.

आता दुसरं पान. ज्यांनी दुकानं फोडली त्यांचं काय? त्यांचाही हिशेब व्हायला हवा. रस्त्यावरचा चहाचा गाडा, चपलांचं छोटं दुकान, भाजीची हातगाडी, यातल्या कितीतरी गोष्टी गटाच्या कर्जावर उभ्या असतात. गाडा उलथला तरी हप्ता थांबत नाही. एसटी जळाली की आपलाच दवाखाना चुकतो. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीबद्दल 1984 पासून वेगळा कायदाच आहे. पण त्यात ज्यानं नुकसान केलं त्याला धरायचं असतं. एकीनं हप्ता बुडवला म्हणून आपण अख्ख्या गल्लीला दंड लावत नाही. मग दगड एकानं मारला म्हणून अख्ख्या वस्तीची दारं का वाजावीत?

आणखी एक गोष्ट बोलायला जड जाते, पण बोलतो. 1 सप्टेंबर 2023 ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीत मराठा आंदोलकांवर लाठीमार झाला. बायांनाही मार लागला, पोलीसही जखमी झाले. नंतर मराठवाड्यात एसटी गाड्या जळाल्या. तेव्हाचे गृहमंत्री फडणवीस यांनी लाठीमाराबद्दल क्षमा मागितली. तेव्हा ज्या बाया "पोलिसांचं चुकलं" म्हणत होत्या, त्यांतल्या काही परभणीच्या वेळी "पोलिसांचं बरोबरच आहे" म्हणाल्या. अन् तेव्हा "गाड्या का जाळल्या" विचारणाऱ्या काहींना परभणीतल्या काचा दिसल्या नाहीत. लाठी आपल्या माणसावर पडली की दुखते, दुसऱ्यावर पडली की शिस्त वाटते. गटाच्या वहीत जात बघून व्याजदर लावत नाही आपण. तोच दर इथंही लावू या.

मग करायचं काय? मोर्चा काढायचा तर काढावा, तो आपला हक्क आहे. पण निघण्याआधी आपल्यातल्या चार-पाच बायांनी स्वयंसेवक व्हावं, कोण आलंय ते माहीत असावं, ठरलेल्या जागी निवेदन देऊन ठरलेल्या वेळी परतावं. दगड उचलणारा अनोळखी हात दिसला तर तिथंच अडवावा.

आणि घरातलं कोणी धरून नेलं तर रडत बसण्याआधी वही उघडा. किती वाजता नेलं, कुठून नेलं, कोणत्या ठाण्यात, पोलिसांच्या छातीवरचं नाव काय, माणसाच्या अंगावर तेव्हा जखम होती की नव्हती, हे लिहून ठेवा. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्यात या गोष्टी आहेत. अटकेचा कागद झाला पाहिजे आणि त्यावर घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही पाहिजे. अटकेचं कारण सांगितलं पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे. डॉक्टरची तपासणी झाली पाहिजे, तिची प्रत मिळते. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं केलं पाहिजे. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्याची आधी घेतलेली परवानगी लागते. साक्षीसाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असतो.

न्यायालयात "काही तक्रार आहे का?" असं विचारतात. शेजारी पोलीस उभे असताना धरलेला माणूस घाबरून "नाही" म्हणू शकतो. म्हणून त्या दिवशी घरचं कोणीतरी आणि वकील तिथं हजर असणं फार मोलाचं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवेचा वकील फुकट मिळतो. कोठडीत असलेल्या माणसालाही मिळतो. नांदेड आणि लातूर दोन्हीकडं जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. फोन आहे 15100.

पुढच्या बैठकीत हजेरी झाल्यावर हा नंबर प्रोसिडिंगच्या पहिल्या पानावर मोठ्या आकड्यांत लिहून घ्या. आणि परभणीचा विषय निघाला, तर दोन्ही पानं उघडी ठेवून बोला. काचांचं पान आहेच. पण जीव गेला त्या पानावरचा हिशेब काचांच्या पानावर मिटत नाही.